सव्वाएकोणीस

रात्री तीनला भुसावळ सोडलं,
एका गाडीवर तिघं, गळाच्या काठ्या आडव्या,
पेंडीचा वास मागं मागं.

हतनूरच्या फुगवट्यात पाणी काळं, जाड.
सुपडूनं गोळा फेकला
आणि विडी न पेटवताच दातात धरली.
साडेनऊपर्यंत काहीच नाही.

मग रीळ किंचाळलं.
"ढील दे भो, जाऊ दे त्याले!"
दिली. ऐंशी मीटर दिली.
बत्तीस वर्षं मालगाडीच्या शेपटाला
हिरवा झेंडा धरून उभा राहिलो,
जाणाऱ्याला जाऊ देणं मला येतं.
परत आणणं शिकायचं राहिलं होतं.

पाऊण तास.
तंगुसानं बोट कापलं.
रुबाब तडवी कमरेएवढ्या पाण्यात, जाळी धरून,
उगाच हसत.

कटला. खवले जुन्या रुपयाएवढे.
ऐनपूरला केळीच्या काट्यावर घातला,
हमाल घड टाकून धावले.
"सव्वाएकोणीस," काटेवाला म्हणाला
आणि सवयीनं दांड्याची घट धरू लागला.

आळीत सात घरी वाटे गेले.
रात्री पाण्याचा तांब्या उचलला,
तर हात
अजून ढील देत होता.