पान अकरा

न्यायाधीशबाई विचारतात, आत्ताच का?
सव्वीस वर्षं गप्प होतात,
मग आत्ताच का?

वकील नाही माझ्याकडे.
पन्नास डॉलर भरलेत, पावती पर्समध्ये आहे.
अर्ज लायब्ररीतल्या एका मुलानं भरून दिला,
आणि 'कारणे' या शब्दापुढं
छापणाऱ्यानं सोडलेली जागा दोन बोटं रुंद.

दोन बोटांत जानेवारी मावत नाही.
एरी सरोवरावरून येणारा वारा मावत नाही,
टोलेडोच्या पूर्वेला, नदीपलीकडं
आमच्या घरातली बंद पडलेली भट्टी,
ओव्हनचं दार उघडं टाकून
स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपलेली आई.

हॅलोरन दातांचे डॉक्टर. मी त्यांच्या अपॉइंटमेंटा लिहायची.
खणात चेकबुक असायचं.
त्यांची सही मला माझ्या सहीपेक्षा बरी यायची.
तीन चेक. सहाशे बारा डॉलर.
भट्टीवाल्यानं चारशे ऐंशी घेतले.
उरलेल्याचं काय केलं तेही सांगते,
नाहीतरी फायलीत आहेच:
एक कोट घेतला. लाल.
भट्टीचं लोक समजून घेतात.
कोटाचं कुणी नाही घेतलं,
मीसुद्धा नाही.

तेव्हापासून प्रत्येक अर्जात एक चौकोन.
होय की नाही.
किराणा दुकानात होय,
बालवाडीत मुलांना जेवण वाढायचं होतं, तिथं होय.
मासळी साफ करायच्या शेडमध्ये
कुणी कागदच मागितला नाही.
तिथं अठरा वर्षं. आता बोटं मिटत नाहीत नीट.
आणि ब्रॉडवेवरच्या वृद्धाश्रमात
रात्रपाळीला बाई हवी आहे,
म्हाताऱ्यांना कूस बदलून द्यायला.
ते मला येतं. आईला चार वर्षं दिली.

म्हणून आत्ता.

सरकारी वकील म्हणतो, हरकत नाही.
घड्याळ बघून म्हणतो.
बाई समजावतात, एटेल्का केरेकेश,
आम्ही जाळत नाही काही, मोहोरबंद करतो.
कागद राहतात, दिसत नाहीत कुणाला.
मी विचारते, मलासुद्धा?
तेव्हा पहिल्यांदा त्या चष्म्यावरून बघतात.

कारण त्या फायलीत, पान अकरा,
आईचं पत्र आहे.
हंगेरीहून आली तेव्हा तिशी उलटलेली,
इथल्या भाषेशी तिचं कधी जमलं नाही.
निळी शाई, बिनरेघी कागद,
ओळी उजवीकडं उतरत गेलेल्या:

साहेब, माझा मुलगी वाईट नाही.
घर थंड होती.
कोट मी घे म्हणाला, तिचा जुना फाटली होता.
तिच्या जागी मला ठेवा,
मी शिवणकाम येतो.

ते मी म्हणाले नव्हते कुणाला. ती म्हणालीही नव्हती.
खोटं होतं. तिला कोट दिसला तो अटकेनंतर.

तळघरात पाणी शिरलं त्या वर्षी
तिच्या पाककृतींच्या वह्या गेल्या, नाताळची कार्डं गेली,
पाठीमागं नावं लिहिलेले फोटो गेले.
तिच्या हातचं एवढंच उरलं,
सरकारी कपाटात, कोरड्या जागी.
माझ्या गुन्ह्यानं जपलं.

अर्ज मंजूर. हातोडा वगैरे वाजला नाही.

तळमजल्यावर, खिडकीमागं, ओडम नावाचा कारकून.
पानाला दहा सेंट, म्हणाला, कुठलं हवं?
अकरा.
निकाल नको? आरोपपत्र?
नको.

काचेखालून हिरवा उजेड सरकत गेला.
कागद गरम निघाला.
घडी घालावी की नाही कळेना,
म्हणून कोटाच्या आत धरला.
हा कोट करडा आहे, कुणीतरी वापरून दिलेला.
उद्याच्या अर्जात 'नाही'वर खूण करायची आहे.
हाताला सवय नाही.

बसमध्ये, नदीवरच्या पुलापर्यंत,
तो गरम होता.