फरक

टेबलावर दोन कागद.
एक ऑगस्टचा, फेरीच्या वेळापत्रकाच्या पाठीवर,
पेन्सिलीत: 'धुराडं, सहाशे चाळीस.'
खाली सही. एर्लंड फूबिस्टर, गवंडी, स्ट्रॉमनेस.
दुसरा ऑक्टोबरचा, टाइप केलेला,
बहुधा त्याच्या सुनेनं.
नऊशे बारा.

मी सव्वीस वर्षं बोटीच्या कचेरीत
तिकिटांचा गल्ला मोजला.
संध्याकाळी एक पेनी कमी भरली
तर घरचं जेवण निवून जायचं,
पण पेनी सापडायची.
दोनशे बहात्तर पौंड ही पेनी नव्हे, एर्लंड.

तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला.
नखांत चुना.
म्हणाला, अंदाज होता तो, जेसिना. अंदाज.
रेडिओवर रोज वाऱ्याचा अंदाज सांगतात,
चुकला की फरक मागायला जातेस?

मी म्हटलं, ते मला बिल पाठवत नाहीत.
आणि अंदाज म्हणजे काही
अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे.

मग एकेक ओळ.

'चुना, जादा तीन पोती: बहात्तर.'
खालून केसाएवढी दिसत होती भेग, तो म्हणाला,
सांधा उकरला तर आत बोट गेलं, मग हात,
मग कोपरापर्यंत मी तुझ्या भिंतीत.
हे मी मुकाट्यानं मान्य केलं.
शिडी धरून मीच उभी होते,
त्याचा हात दिसेनासा झालेला मला आठवतो.

'घरटं काढणे, दोन पोती: ऐंशी.'
राखाडी मानेच्या कावळ्यांचं.
काटक्या, मेंढीची लोकर, गोल्फचा एक चेंडू,
कोळ्यांच्या निळ्या दोरीचे तुकडे,
कुणाचं तरी बसचं तिकीट.
किती वर्षांचं कोण जाणे. ओढाल तेवढं येतच राहिलं,
आणि तो दोन दिवस काळं खोकत होता.
मी म्हटलं, कावळे माझे नाहीत.
तो म्हणाला, माझे तरी कुठे?

'परांची, जादा दोन दिवस, वारा: एकशे वीस.'
इथं मी चष्मा काढला.
त्या दोन दिवसांत तू वर पाऊल ठेवलं नाहीस.
ठेवलं असतं तर आज सुनेनं वेगळंच काही टाइप केलं असतं.
मग मी पैसे कशाचे देऊ?
नळ्या उभ्या होत्या, तो म्हणाला.
भाडं उभ्याचं असतं.

उभ्या होत्या, मला सांगतोस?
रात्रभर त्यातली एक शीळ घालत होती,
एकाच सुरात, उशाशी.
आणि मंगळवारी दिवसभर तू इथं होतास,
याच खुर्चीत. मटणाचं सूप, दोन वाडगे,
वर पाव, आणि ती फाटकाची कडी

मी थांबले.
बिल उलटं करून पाहिलं.
कडी कुठंच नव्हती.
नऊ वर्षं ते फाटक मी दगड लावून बंद करत होते.
तो खिडकीबाहेर बघत राहिला,
जणू बंदरात आज पहिल्यांदाच बोट लागली होती.
मीही सुपाचा विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी त्यानंच माझं पेन उचललं
आणि एक ओळ खोडली.
चुकीची.
घरट्याची खोडली, जिच्यात खरं काम होतं,
आणि वारा तसाच ठेवला.

मला दिसलं.
एका पेनीसाठी रात्र जाळणारी मी,
काही बोलले नाही.
आठशे बत्तीसचा चेक लिहिला.
त्यानं तो न वाचता टोपीत ठेवला, टोपी डोक्यावर.
जाताना फाटक लावलं,
मग पुन्हा उघडून, पुन्हा लावून पाहिलं.

रात्री शेगडी पेटवून वही घेतली.
धूर सरळ वर जात होता.
लिहिलं: धुराडं, सातशे बारा.
पुढची ओळ कुठल्या खात्यात टाकावी
यावर बराच वेळ गेला.
घरदुरुस्ती नव्हे. इंधन नव्हे. दानधर्म तर नव्हेच.
मग समासात नवं खातं उघडलं:
वारा, एकशे वीस.