चुंबकाला न चिकटलेलं

दर बुधवारी बँकेतून एक पिशवी आणतो.
एक रुपयाची नाणी, अडीच हजार.
कॅशियर कंधारकर बाई रजिस्टर सरकवतात :
"सही करा. काय करायलात हो एवढ्या चिल्लरचं?
लोक इथं टाकून पळायलेत, तुम्ही मागून न्यायलात."
मी म्हणतो, झेरॉक्सचं दुकान, सुट्टे लागतात.
अर्धं खरं आहे.

रात्री शटर अर्धं ओढून
जुन्या फ्लेक्सची पांढरी बाजू वर करून अंथरतो
आणि पिशवी उलटी करतो.
शेजारचं कुत्रं आता भुंकत नाही, त्याला सवय झाली.
हातात बँडवाल्याच्या जळालेल्या स्पीकरचं चुंबक.
पोलादाची नाणी उडी मारून येतात,
एकमेकींच्या पाठीला पाठ लावून लोंबतात.
या गावात पोलादाला ओढलं जायची सवयच आहे;
एमआयडीसीकडचं आभाळ बारा वाजताही
भट्टीच्या तोंडासारखं लाल.

जी चिकटत नाहीत, ती माझी.
जाडजूड जुनी, कणसांची, झिजून गुळगुळीत.
सालाखाली चांदणी : हैदराबाद.
चौकट : मुंबई. ठिपका : नोएडा.
काहीच नाही : कोलकाता.
अकरा वर्षांत काय मिळालं म्हणाल तर
एका बाजूने कोरी राहिलेली तीन,
सौदीचं एक, पंपाचे वायसर बरेच,
आणि हळदीकुंकू घट्ट बसलेलं एक,
ते मी घासलं नाही.
जालना, सोन्याचा पाळणा, म्हणायचे जुने लोक.
मी पाळण्यात चांदी शोधतो,
तीही कुणी विसरून गेलं असेल तर.

परवा विसरलेली सापडली.
चुंबक वरून गेलं, ती हलली नाही.
मी उचलली, फरशीवर टाकली.
पोलाद टक म्हणतं आणि संपतं.
ही पडल्यावर थोडा वेळ हवेत थांबली.
आठ आणे, हाली सिक्का,
चारमिनार, आणि कमानीच्या दारात
निजामाचं एवढंसं अक्षर
अजून दार अडवून उभं.

मुनीर घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं.
"असली आहे. पण हे बघ."
वरच्या कडेला डाग दिलेली खूण.
कधीतरी इथं कान होता, कानातून दोरा,
दोऱ्यात हिच्या बहिणी.
कानशीनं घाई घाईत कापलाय, कड ओरखडली आहे.
"गळ्यातली. तांड्यावरची असेल,
बाकीच्या सराफाकडं गेल्या असतील.
ही एकच राहिली, रुपयाच्या मापाची, म्हणून रुपयात खपली."

रुपयात काय मिळतं?
दुकानाच्या पायरीवर बसून विचार करत होतो.
काडेपेटी नाही, चहा तर नाहीच.
मग दिव्याखाली भिंतीवर
माझ्याच हातानं लिहिलेली पाटी दिसली :
एक पान, एक रुपया.

शनिवारी गल्ला मीच भरतो बँकेत.
बुधवारी पिशवी मीच आणतो.
अडीच हजार नाणी एक एक करून उजेडाकडं धरणारा मी,
काउंटरवर आलेली
न बघता सरळ डब्यात लोटतो.
जातीच्या दाखल्याची असेल, रेशनकार्डाची असेल.
तिनं तळहात उघडला असेल,
मी मशीनचं झाकण दाबून म्हणालो असेन, पुढचा कोण.

पिशवीत एक कमी पडत होतं,
खिशातला रुपया टाकून हिशेब जुळवला.
कंधारकर बाईंनी मोजलंही नाही.

आज बुधवार. बँकेत गेलो नाही.
सकाळपासून हातांकडं बघतोय,
चुन्याचे, मेंदीचे, ग्रीसचे,
एक बोट नसलेला.
चांदी कुणाच्याच हातात नव्हती.
दुपारी एक बाई आली, दंडभर पांढरी बलोती,
कागद पुढं केला, वर रुपया ठेवला.
मी रुपया उचलला, उलटा केला, सुलटा केला.
ती म्हणाली, "खोटा हाय का?"
नाही, म्हटलं.
मग मला काही सुचेना.
"दोन्ही बाजूंनी काढायची?"