डबल बेल

रात्रपाळीला तिघी होतो.
एक लग्न होऊन पुलगावला गेली,
दुसरीचा पगार दिवाळीपासून थकला, मग तीही.
आता बत्तीस खाटा अन् मी.

दर दोन तासांनी कूस बदलायची,
वहीत तसं लिहिलेलं असते. मीच लिहितो.
सात नंबरच्या देवकाबाईची पाठ
वही वाचत नाही.
तिथं रुपयाएवढं लाल होतं,
संक्रांतीपर्यंत वाटीएवढं झालं.

कौतिकराव आर्वी डेपोत कंडक्टर होते.
खाटेला सायकलची घंटी बांधून देली त्यायले.
एक टोला म्हणजे थांब.
मी थांबत नाही.
हातात कोणाचं तरी भांडं असते,
कोणाचा तरी घास अर्धा.

काल तीनला वाजली, एकदाच.
"आली, बाबा" म्हणत
मी बारा नंबरच्या चादरीत अडकली.
पोचली तवा धोतर ओलं होऊन
थंडही पडलं होतं,
अन् ते भिंतीकडे तोंड करून.

तेवढ्यात पलीकडून देवकाबाई कण्हली.
मी धोतराची गाठ सोडत होतो.
त्यांनी माझा हात बाजूला केला,
अंधारात घंटी चाचपली,
दोनदा वाजवली.

गेली मी.
धोतर राहूनच गेलं ते, उजाडेपर्यंत.