अवर्गीकृत पाने

एकशे बारा उरली आहेत आज.
वर्गाबाहेर, अंगठे धरून उभी.
भांडी विसळून मी बसते
आणि एकेकाला आत घेते:
ये, तू मासा. वर्ग: खाडीतले मासे.
तू शाळा. तू पूल. तू
(कोणी लिहिलंय हे, दीड ओळ, तीही मध्येच तुटलेली)
तू भाजी, पावसाळी, रानातली.
दोन चौकोनी कंस, आत एक शब्द,
जतन करा.

नेरुळ, सेक्टर सोळा, तिसरा मजला.
खिडकीत पाम बीचचे दिवे
आणि त्यापलीकडे ते काळं, खाडीचं,
जिथे नकाशात आम्ही नुसत्या तिरप्या रेघा मारायचो.

आम्ही म्हणजे नियोजन विभाग.
मी ट्रेसर. तेवीस वर्षं.
खाली सर्व्हे नंबर, वर ट्रेसिंग पेपर,
त्यावर सेक्टर.
खालचं वरून फिकट दिसायचं:
बांध, उघाडी, मिठागरांचे चौकोन.
काय उचलायचं, काय सोडायचं
ते कर्णिकसाहेब सांगत.
विहिरी सोडायच्या.
एका तुकड्याला एकच वापर, बाई.
निवासी म्हणजे निवासी.

मग हे पान आलं. शेलवणे.
तीन ओळी. लोकसंख्येपुढे काहीच नाही.
हात थांबलासुद्धा नाही माझा,
वर्ग: भूतपूर्व गावे.

सकाळी तो वर्ग नव्हता.
पाच वाजून दहा मिनिटांनी उलटवलेला.
सदस्य: उघाडीवाली.
कारणाच्या रकान्यात तीन शब्द,
आमी हाव अजून.

मी परत घातला, संदर्भासकट.
अधिसूचनेचा क्रमांक पाठच होता मला.
तिने परत काढला.
तिसऱ्यांदा घातला असता तर भांडण गणलं जातं,
पानाला कुलूप लागतं.
म्हणून चर्चा पानावर गेले, अगदी कार्यालयीन:
गाव म्हणजे आपण नेमके काय समजता,
कृपया स्पष्ट करावे.

चार दिवसांनी उत्तर.
गाव म्हंजे, बाय, मयत झाला का
घराघरातून लाकूड येतं.
तुमच्या बिल्डिंगीत येतं का?
चैतात आमची गावदेवी फिराला निघते.
तुमच्या गेटावर वाचमन रजिस्टर पुढं करतो,
कुणाकडं जायाचं, कंच्या मजल्यावर.
पालखीचं नाव लिवतो आमी त्यात, टायम लिवतो.
टाका त्याचा वर्ग.
खाली सही: कुंदा नाखवा. टोपणनावामागे लपली नाही.

मी शोधला वर्ग, खरंच.
धर्म, त्यात उत्सव, त्यात कोकण, त्यात रिकामं.
नगररचना, त्यात सुरक्षा, तिथे गेट होतं.
एकाच पानाला हवे तितके वर्ग चालतात इथे,
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळतंय.
रजिस्टरचा तेवढा कुठे बसला नाही.

काल तिने एक फोटो चढवला.
विहीर. तोंडावर लोखंडी जाळी,
जाळीवर दोन स्कूटर आणि कोणाचे तरी पापड वाळत.
मागे पाटी, विझिटर्स पार्किंग.
मी मोठा करून पाहिला, आणखी मोठा,
नुसते ठिपके उरेपर्यंत.
सोडलेल्यांपैकी एक असेल.
नसेलही. खूप सोडल्या.

फोटोखाली लिहिलं, वर्ग: विहिरी.
तांबडा उमटला शब्द. म्हणजे असा वर्गच नव्हता.
उघडला मी. आत आता एक चित्र,
एकूण एकापैकी एक.

शेलवणे मात्र बाहेरच ठेवलंय.
पहाटे बॉट येतो,
कुठेच न बसणाऱ्यांच्या कपाळाला साचा चिकटवून जातो.
त्यालाही चिकटवेल.
चिकटवू दे.
पाच दहापर्यंत ती उठलेली असते.