संक्रांतीला काळं चालतं

हडर्सफील्डमध्ये जानेवारीत साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
सतरा बायका यायच्या होत्या, लीड्सहून, ब्रॅडफर्डहून,
एक तर थेट शेफील्डहून, रस्त्यावर बर्फ असूनही.
मी चंद्रकळा नेसले होते.
वाणाला किसण्या आणल्या होत्या, पौंडाच्या दुकानातल्या.

तेवढ्यात मृण्मयी आली.
मांड्यांपर्यंत चिखल, खांद्यावर बॅग,
डावा डोळा मिटलेला,
हात लावला तर फुटेल अशा जांभळासारखा.
"कुणाचं तरी कोपर," म्हणाली,
"पण बॉल आम्हीच काढला."

स्क्रम म्हणजे काय ते मला अजून नीट कळत नाही.
आठ मुली आठ मुलींना रेटतात,
ही पहिल्या रांगेत, मान खाली घालून.
मान खाली घालायला आम्हीच शिकवलं होतं तिला.
ते ती इथं वापरेल असं वाटलं नव्हतं.

यांचं म्हणणं वेगळं.
इचलकरंजीहून मागांचा खडखडाट कानांत घेऊन आलेला माणूस,
इथली गिरणी बंद पडली तेव्हाही आवाज न चढवलेला,
म्हणाला, "आपल्यात मुली असलं काही..."
आणि वाक्य तिथंच टाकून गाडी पुसायला गेला.
सासूबाईंनी ते फोनवर पुरं केलं:
नाकडोळा गेला म्हणजे कोण पदरात घेणार?

फॉर्मवर सही माझी आहे.
फार्मसीच्या काउंटरवर, दोन गिऱ्हाइकांच्या मधे केलेली.
हे यांना माहीत नाही.

बायका आल्या. कोट, बूट, ओल्या छत्र्या,
मग हळद, कुंकू, अत्तर,
तिळगूळ घ्या, गोड बोला.
मृण्मयी केस धुऊन, ड्रेस घालून, अत्तरदाणी घेऊन फिरत होती.
"अगं बाई, डोळ्याला काय झालं हिच्या?"
कुमुदिनीवहिनींनी विचारलं,
आणि मी ठरवायच्या आत माझं तोंड बोललं,
"न्हाणीघरात पाय घसरला."

बाथरूमसुद्धा नाही. न्हाणीघर.

हे वाक्य माझं नव्हतंच.
चंद्रकळेच्या घडीतून ट्रंकेबरोबर आलं असावं.
माझी आई ते शेजारच्या काकूंना सांगायची,
पदर गालावर ओढून.
तिची आई सांगायची.
आमच्या माहेरच्या न्हाणीघरांइतकी निसरडी न्हाणीघरं
जगात दुसरीकडं नसतील.
दुसऱ्या दिवशी बाबा पेढे आणायचे, पावशेर,
आणि आम्ही मुली ते खायचो.

कुमुदिनीवहिनींनी पुढं काही विचारलं नाही.
हे खरं तर वर बसणार होते,
पण दूध संपलं म्हणून आणायला गेलेले,
नेमके तेव्हाच दारात उभे, हातात दुधाचा कॅन.
वहिनींनी यांच्याकडं पाहिलं.
मग आणखी दोघींनी पाहिलं.
सतरा बायका, आणि चमच्याचा आवाज नाही.

यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.
"रग्बी खेळते ती," हे म्हणाले.
खाकरले. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं,
"पहिल्या रांगेत असते."

स्वतःचं नाव राखायला म्हणाले की तिचं,
ते मी अजून विचारलेलं नाही.

मृण्मयीनं अत्तरदाणी खाली ठेवली,
उघड्या डोळ्यानं एकदा बापाकडं बघितलं, एकदा माझ्या साडीकडं.
"संक्रांतीला काळं चालतं ना, आई?"

पहिल्या हसल्या त्या शेफील्डच्या.

रात्री किसण्यांची रिकामी खोकी आवरून
बाथरूम पुसायला गेले.
टबच्या तळाला मैदानाची माती होती,
गवताची दोन-तीन पाती, एक तुटलेली बुटाची नाडी.
लादी ओली होती.
मी पाय जपून टाकला.