संयुक्त वाचन

दर महिन्याच्या एक तारखेला
नाशिकहून आमची जीप निघते. रामशेज मागे पडतो,
सावळघाटात शफीक हॉर्नवरचा हात काढत नाही,
करंजाळीला चहा,
आणि पेठच्या बऱ्याच पुढे
मोबाइल आपणहून गुजरातीत स्वागत करतो.
मी अजून इकडेच असते.

उपकेंद्र म्हणजे कुंपण, खडी, गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर
आणि एक खोली. भिंतीवर दोन मीटर,
एक मुख्य, एक त्याच्यावर नजर ठेवायला.
पलीकडून दलसुखभाई येतात, चष्मा पुसत.
आकडे हल्ली संगणकावर आधीच पोचलेले असतात,
तरी करारात लिहिलंय, दोघांनी मिळून वाचायचं.
म्हणून एका पुस्तकावर बसवलेल्या पोरांसारखे
आम्ही मोठ्यानं वाचतो.
मी सदतीस म्हणते, ते साडत्रीस,
मग एकमेकांच्या कागदात डोकावतो.

रात्री दोनला सातपूरचे लेथ थांबतात, पंखे मंदावतात,
पण एकलहऱ्याच्या बॉयलरला
झोप म्हणून झोपवता येत नाही.
तेव्हा विकतो आम्ही. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करून,
कधी अशा भावात
की मेथीची जुडी महाग वाटावी.

ऑफिसात हिला अतिरिक्त म्हणतात.
आई उरलेलं म्हणायची,
आणि शेजारी देताना वाटीवर झाकण ठेवायची.
वाटी परत यायची ती रिकामी कधीच नाही,
तळाला चार शेंगदाणे, नाहीतर गुळाचा खडा.
आमच्या पत्रकात दोन रकाने आहेत, गेली आणि आली.
'आली'मध्ये अकरा महिने एकच आकडा बसून आहे.
हे मी एकदा दलसुखभाईंना सांगितलं.
पुढच्या खेपेला त्यांनी डब्यातून खांडवी आणली.
ती कुठल्या रकान्यात लिहायची
यावर आम्ही सही करायचं विसरून हसलो.

राखणीला देवराम गावित असतो.
घर अलीकडे, विहीर पलीकडे.
त्याची कोकणा बोली मला अर्धी कळते,
दलसुखभाईंना दुसरी अर्धी.
सील दाबताना बॅटरी धरून त्यानं विचारलं,
इथून निघते तेवढी तिकडं पोचते का?
नाही, म्हटलं. वाटेत थोडी जाते.
कुठं?
तार तापण्यात.

(त्या थोड्यावर दोन कंपन्यांचा
दोन वर्षं पत्रव्यवहार चालू आहे. तोटा कोणाचा.
फाइल माझ्याच टेबलावर असते.)

देवराम वर बघत राहिला.
म्हणाला, पहाटे गवत ओलं, कुंपण ओलं,
माझी घोंगडी ओली,
तार तेवढी कोरडी.
मला वाटायचं, उंच आहे म्हणून.

दलसुखभाईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

परतताना घाटात धुकं उतरलं होतं.
धुक्यात तार जास्त बोलते.
एका वळणावर शफीकनं गाणी बंद केली, काच खाली घेतली.
आम्ही ऐकलं थोडा वेळ.
गेली की आली,
आवाजावरून कळत नाही.